सोपवलेलं मत

माझ्या चष्म्याच्या दुकानात लोक अक्षरं वाचायला येतात. वॉर्ड ऑफिसातला हा पठ्ठ्या आला तो मलाच शिकवायला!

"ताई, वॉर्डाचं ॲप घेतलंत का?"

"ताई कोणाला म्हणता हो?" मी भडकले.

"बरं... नाही म्हणत." आणि हसला. झालं माझं कल्याण!

वॉर्डातल्या रिकाम्या हॉलचं काय करायचं, हे यंदा आम्ही रहिवाशांनीच मोबाईलवर मत देऊन ठरवायचं होतं. मला तिथे वाचनालय हवं होतं, शेजारच्या दातांच्या डॉक्टरणीला बॅडमिंटन. आपलं मत विश्वासाच्या माणसाकडे सोपवायचीही सोय होती. त्यानं 'स्वीकारलं' म्हटलं की झालं. हे शिकवायला तो रोज येई, आणि समजलेलंही मी पुन्हा पुन्हा विचारी.

मग दातवालीलाही ॲपबद्दल शंका यायला लागल्या, आणि तो तिच्याकडेही जाऊ लागला. भिंत पातळ, तिचं खिदळणं थेट माझ्या कानात! दात दाखवायची एक संधी सोडेल तर शपथ.

एकदा तो दारात घुटमळला. "मी माझं मत सोपवलंय..."

"कोणाला?"

"कळेलच की."

तेवढ्यात शेजारून हाक आली आणि तो गेला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिलाच दिलं असणार! त्याच क्षणी मी ॲपच्या सगळ्या सूचना बंद करून टाकल्या. घाला म्हटलं तुमची लोकशाही चुलीत.

त्यानंतर तो फिरकलाच नाही.

मतदानाच्या शेवटच्या दुपारी दातवालीच आत आली. "काय गं, का छळतेस त्याला? मी त्याचं मत मागून मागून थकले. म्हणतो, तिला दिलंय, ती स्वीकारतच नाही!"

दुकान तिच्या भरवशावर टाकून मी वॉर्ड ऑफिसकडे धावले. तो पायरीवर तोंड पाडून बसला होता.

"सूचना बंद होत्या," मी धापा टाकत म्हणाले. "मी बंद केल्या होत्या. रागानं."

"मला वाटलं... नकार आहे."

"तुला काय हवंय त्या हॉलमध्ये?" अहो-जाहो कधी गळालं, कळलंच नाही.

"बॅडमिंटन."

"अरे वेड्या, मी तर वाचनालयालाच देणार!"

"माहितीये. तरी तुलाच दिलंय."

मला रडू येईल असं वाटलं. त्याच्यासमोरच मी 'स्वीकारलं'वर बोट टेकवलं. खाली बारीक अक्षरं उमटली. अशी अक्षरं वाचणं तर माझा धंदाच.

"यात लिहिलंय, सोपवलेलं मत कधीही परत घेता येतं..." मी मोबाईल त्याच्यापुढे धरला. "घेशील परत?"

"तू दिलंस तरी घेणार नाही."