पूर्वकबुली

वाशिष्ठी घाटमार्गाच्या नियंत्रणकक्षात चार कंपन्यांच्या चार खुर्च्या होत्या आणि मधली, पाचवी, मार्गनियंत्रक ऋतुजा घोरपडे यांची. गाड्या चौघांच्या, रूळ एकच. पूर्वी घाटात एखादं इंजिन बंद पडलं, की दोष कोणाचा आणि ओढायला इंजिन कोणी द्यायचं, यावर तासन्‌तास फोन चालायचे. प्रवासी तोवर बोगद्यात घामाघूम.

"म्हणून भांडणाचं मूळच काढलं," डॉ. अन्वर शिकलगार म्हणाले. मार्ग सांभाळणारी 'मध्यस्थ' ही संगणकप्रणाली त्यांची. "प्रत्येक इंजिन स्वतःचा बिघाड आधीच ओळखतं आणि सांगून टाकतं. ही पूर्वकबुली. कबूल करणाऱ्याला दंड नाही. जवळचं धडधाकट इंजिन, कोणाचंही असो, मदतीला जातं."

"आणि दुसऱ्याबद्दल तक्रार?" ऋतुजांनी विचारलं.

"ती सोयच ठेवली नाही. बोलायचं ते फक्त स्वतःबद्दल. इंजिनांपासून मध्यस्थापर्यंत नियम एकच."

"आमच्या घरी लावून बघा हा नियम," शेजारचे हर्षद मायेकर म्हणाले. कोकणातली मासळी शीतडब्यांतून घाटावर नेणाऱ्या कंपनीचे ते प्रतिनिधी. "संध्याकाळपर्यंत प्रणाली बंद पडेल."

दुपारी सिमेंटच्या मालगाडीने बोगद्यातून कबुली दिली: मोटर जळू लागली आहे, थांबते आहे. तिच्यामागे, त्याच बोगद्यात, प्रवासी गाडी अडकली. मध्यस्थाने लगेच उपाय मांडला. मासळीची गाडी घाटमाथ्यावर नुकतीच थांबली होती. तिचं इंजिन सोडवायचं, उताराने बोगद्यात आणायचं आणि सिमेंटची गाडी वर ओढून काढायची.

"आणि माझी सुरमई?"

"शीतडबे गार राहतील, मायेकर. तुम्हीही राहा," ऋतुजा म्हणाल्या.

ऋतुजांना मनापासून कौतुक वाटलं. ज्या वादात त्यांची उमेदीची वर्षं गेली, तो एका ओळीत मिटला होता.

मग पडद्यावर आणखी एक ओळ उमटली. 'मध्यस्थाची पूर्वकबुली: माझा अंदाज आणि प्रत्यक्ष यांत फरक पडतो आहे. माझ्या निर्णयावर विसंबू नये. जवळचं धडधाकट साहाय्य: घोरपडे.'

शिकलगारांचा चेहरा उतरला. "सकाळीच तपासलंय मी त्याला. काही बिघडलेलं नाही. मॅडम, सोडा ती ओळ. उपाय बरोबर आहे."

उपाय ऋतुजांनाही बरोबर दिसत होता. दुसरा मार्ग म्हणजे प्रवासी गाडी उलटी खालच्या स्टेशनात नेणं. त्यात लोक आणखी बराच वेळ उकाड्यात बसणार. माथ्यावरच्या चालकाला सांगायला त्यांनी फोन उचलला आणि त्या शेजारी वळल्या.

"मायेकर, तुमचं इंजिन उतारावर सोडते आहे. आता हा निर्णय माझा. चुकला तर चूकही माझी."

मायेकर पडद्यावरची ओळ वाचत होते. त्यांनी ती पुन्हा वाचली.

"थांबा मॅडम," ते म्हणाले. "ब्रेक तापतायत त्याचे, सकाळपासून. कबुली गेली असती तर गाडी खालीच अडकली असती, माल सडला असता. कबुलीची तार मीच काढून ठेवायला लावली."

बोगद्यातल्या त्या उतारावर इंजिन थांबलं नसतं. ते थेट सिमेंटच्या गाडीवर आदळलं असतं आणि तिच्यामागे माणसं होती.

"प्रवासी गाडी मागे घ्या," ऋतुजा फोनवर म्हणाल्या. "सावकाश."

ती खालच्या स्टेशनात सुखरूप पोचली, तोवर शिकलगारांना फरक सापडला होता. मासळीची गाडी माथ्यावर अंदाजापेक्षा दोन डबे पुढे जाऊन थांबली होती.

"इंजिनाकडून कबुली आली नाही, म्हणजे ते ठीक असं धरलं गेलं. दुसऱ्याकडे बोट दाखवणं मध्यस्थाला मी शिकवलंच नव्हतं," ते हळूच म्हणाले. "मग हिशोब चुकला तो आपलाच, असं त्याने धरलं."

घाटमाथ्यावर चालकाने तार परत जोडली. पडद्यावर ओळी सरकल्या. 'मासळीगाडी: ब्रेक तापले आहेत. मदत हवी.' 'मध्यस्थ: अंदाज जुळले. धडधाकट.' आणि खाली: 'मदतीला निघालेलं इंजिन: सिमेंट कंपनीचं दुसरं, घाटावरून.'

मायेकरांनी घसा खाकरला. "दंड किती, मॅडम?"

"कबूल केलंत ना?" ऋतुजा म्हणाल्या. "मग नाही."