ताहेराचे दोन माग

चिंचवडच्या मोमीन आळीतून सकाळी सायकल न्यायची नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. त्या वेळी आळीभर मागावर चढवायच्या उभ्या धाग्यांचा ताहेराचा ताणा पसरलेला असायचा. वीस हात लांब, लाकडी घोड्यांवर तोललेला, खळीनं ओला झालेला. पण हनीफला कोण सांगणार? तो जुन्नरचा. पिंपरीला औषधांचा नवा कारखाना निघाला होता, तिथं फिटर म्हणून लागून त्याला पंधरवडाही झाला नव्हता. छप्पन सालचा पौष, दाट धुकं, आळीचा उतार… आणि सायकलचा ब्रेक नावापुरताच.

घंटी ऐकून ताहेरानं खळीचा कुंचा थांबवला, मान वर केली, तोवर तो ताण्यात शिरलाही होता.

"मला काही लागलं नाही," तो अंगावरचे धागे सोडवत, ओशाळून म्हणाला.

"विचारलं कुणी?" ताहेरा म्हणाली. तिची नजर तुटलेल्या धाग्यांवर होती. "खळ वाळायच्या आत हे सगळे जोडायला हवेत. बसा."

"माझी शिफ्ट आठची आहे."

"मग पाऊण तास आहे तुमच्याकडे. आणि आधी हात धुऊन या, ग्रीसचे डाग पडतील."

तो निमूटपणे हात धुऊन आला. तिनं दोन टोकं चिमटीत धरून पीळ कसा द्यायचा ते दाखवलं. त्याची बोटं जाड, पण डोळे बारीक काम पाहायला सरावलेले. पाऊण तासात त्यानं अकरा धागे जोडले, बाकीचे तिनं. मधेच त्यानं मान वर केली आणि तिनं घाईघाईनं खाली घातली… असं दोनदा झालं.

पुढच्या रविवारी तो पुन्हा आला. "राहिलेले धागे जोडायचे होते—"

"ते विणून, विकूनसुद्धा झाले," ताहेरा म्हणाली.

शालनबाई शेजारीच रहाटावर सुताच्या कांड्या भरत होत्या. बारा वर्षं त्या या घरी कामाला होत्या, आणि मनातलं मनात ठेवायची त्यांना सवय नव्हती. "अगं, ह्याला ताणा न्हाई बघायचा," त्या म्हणाल्या, "ताणा पसरणारी बघायचीय."

हनीफ कानापर्यंत लाल झाला. पण गेला नाही.

ताहेराचे अब्बा इनायत यांची नजर अधू झाली, तेव्हापासून तीन वर्षं दोन्ही माग तीच चालवत होती. सूत आणायला स्वतः पुण्याला रविवार पेठेत जायची. पंचे, लुंग्या घेऊन चाकणच्या बाजारात स्वतः बसायची. दोन स्थळं सांगून आली होती. दोन्ही घरांनी एकच अट घातली— लग्नानंतर माग बंद. दोन्हींना तिनं नको म्हटलं होतं.

हनीफ दर रविवारी येऊ लागला. अब्बांशी गप्पा मारी, मागाची फणी घट्ट करून देई, जाताना उंबऱ्यात उगाच रेंगाळे.

"ब्रेक दुरुस्त केला का?" ती विचारी.

"केला की. पण इथं आलो की तो आपोआप लागतो."

ती तोंड फिरवून हसे.

मग एका दवाखान्याची मागणी आली. दीडशे पंचे, रमजान लागायच्या आत. आडवा धागा नेणारा धोटा हातानं फेकत विणायचं तर ते अवघडच होतं. हनीफनं ते ऐकलं. ताहेरा सूत आणायला पुण्याला गेली होती, त्या दिवशी त्यानं रजा टाकली आणि एका मागाला दोन लाकडी पेट्या आणि दोरी बसवली. दोरी ओढली की धोटा आपोआप पळणार. काम दुप्पट वेगानं होणार.

ताहेरा सुताचं गाठोडं घेऊन दारात आली आणि तिथंच थांबली.

"कुणाला विचारलंत?"

"अब्बांना… ते हो म्हणाले. तुमच्याच भल्यासाठी—"

"मागावर बसतं कोण?" तिचा आवाज चढला नाही, त्यामुळे त्याला जास्तच लागलं. "भल्यासाठीच असं त्या दोन्ही घरांनीही सांगितलं होतं."

हनीफनं सगळं काढलं, माग होता तसा केला, एकेक खुंटी तपासली. "चुकलं माझं," एवढंच म्हणाला आणि गेला.

एक रविवार गेला. दुसराही गेला. ताहेरा पहाटेपासून विणत होती, तरी निम्मेसुद्धा पंचे झाले नव्हते. आणि आळीत घंटी वाजली की तिचा हात थांबत होता… याचाच तिला जास्त राग येत होता.

सोमवारी ती शालनबाईंना बरोबर घेऊन सरळ पिंपरीला गेली. कारखान्याची शिफ्ट सुटत होती. शेकडो माणसांच्या घोळक्यात हनीफ तिला पाहून सायकलसकट जागीच उभा राहिला.

"तुमच्या पेट्या माझ्या घरात पडल्यात."

"टाकून द्या त्या."

"बसवायच्या कशा ते शिकवाल?" ती म्हणाली. "बसवणार मी. तुम्ही फक्त सांगायचं."

त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं. "आणि हात लावला तर?"

"तर घरी पाठवेन."

शालनबाई आभाळाकडे बघत म्हणाल्या, "चला बया, माझं पाय दुखत्यात."

ताहेरानं पेट्या बसवल्या, आणि पहिल्याच झटक्याला धोटा मागातून उडाला आणि शालनबाईंच्या ओटीत जाऊन पडला. दुसऱ्या दिवशी तो सुरळीत पळू लागला. रमजानचा चंद्र दिसायला तीन दिवस होते, तेव्हा दीडशे पंचे बांधून दोघं दवाखान्यात पोचवून आली.

परतताना पवनेच्या काठी हनीफ सायकल हातात धरून चालत होता.

"मला क्वार्टर मिळत होतं. दोन खोल्या. जाऊन मोजून आलो… माग बसत नाही तिथं."

"मग?"

"नको म्हणून सांगितलं."

ताहेराची पावलं मंदावली. "आळीत घरजावई म्हणतील तुम्हाला."

"म्हणू देत. तुम्ही काय म्हणाल त्याची धास्ती आहे." तो थांबला. "ताहेरा… माझ्याशी लग्न कराल? माग बंद न करता?"

नदीकाठच्या वाऱ्यानं तिची ओढणी उडत होती. ती सावरायला तिनं नको तितका वेळ घेतला.

"अब्बांना मी सांगते," ती म्हणाली. "तुम्ही जुन्नरला पत्र घाला."

ईदनंतरच्या शुक्रवारी निकाह ठरला. नवरीनं दोनदा गप्प राहायचं, तिसऱ्यांदा हळूच बोलायचं, अशी आळीतली रीत. नवरीची संमती विचारणारे वकील आणि साक्षीदार आत आले. वकिलांनी पहिल्यांदा विचारलं, आणि त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आतच ताहेरा म्हणाली, "कबूल."

ते बाहेर मांडवात बसलेल्या हनीफलाही स्पष्ट ऐकू गेलं. सेहऱ्याआड तो असा हसला की शेजारच्या पाहुण्यांनाही हसू आवरेना.