डोकं धरणारा

दुपारची ताटं उचलून नेली होती. वॉर्डभर फिनेलचा वास कोंडला होता. पैलवानाला कुशीवर वळवायची वेळ झाली. रोजचंच काम. त्यात भ्यायचं ते काय?

पैलवान म्हणजे पोती उचलणारा हमाल. ट्रकवरून मानेवर पडला आणि मणके सरकले. डॉक्टरांनी मान उघडली, धातूची पट्टी बसवली, स्क्रू पिळून दोन मणके एकमेकांना जखडून टाकले.

"हाड जुळेपर्यंत मान पिळली जाता कामा नये," डॉक्टर बजावून गेले. "पिळली, की हातपाय कायमचे गेले."

शंभर किलोचं पोतं पाठीवर घेणारा गडी, आता त्याला नाकावरची माशी उठवता येईना. तोंड तेवढं चालायचं. त्या तोंडानं तो दिवसभर सगळ्यांचा उद्धार करायचा.

त्याला वळवायला चार माणसं लागत. तिघं अंगाला, एक डोक्याला. डोकं धरणारा "चला" म्हणाला की सगळ्यांनी ओंडका लोटावा तसं एकदम वळवायचं. डोक्याबरोबर अंग गेलंच पाहिजे, नाहीतर मान पिळली.

डोकं धरायचं काम वॉर्डबॉयचं. त्याला सगळे लंबू म्हणत. खाटेच्या उशाला भिंतीलगत फट होती, तिच्यात तो अंग तिरकं करून शिरायचा.

सिस्टरनी खांदा धरला, पैलवानाच्या बायकोनं कंबर, वॉर्डच्या मावशींनी पाय. तिघी खाली वाकल्या. कानांखाली दोन तळवे आले. गार.

"हात आहेत का बर्फ रे, लंब्या?" पैलवान खेकसला.

"चला," मागून आवाज आला.

तिघींनी त्याला दाराकडं वळवलं.

"रेड्यासारखं वजन आहे मेलं," बायको धापा टाकत म्हणाली.

"तुझ्याच हातचं खाऊन झालंय, भवाने."

मावशी खुदकन हसल्या. तेवढ्यात दार ढकलून लंबू आत आला.

"काय हो सिस्टर, मी येईपर्यंत दम नाही का निघत?"

मावशींचं हसू तिथंच थिजलं. तिघींनी माना वर केल्या. फटीत कुणी नव्हतं.

"पैलवान..." सिस्टर कुजबुजल्या. "हलू नका."

"मी काय हलतोय! बघा की कोण आहे ते!"

लंबू फटीत शिरला. डोकं धरायला गेला आणि विस्तवाला हात लागल्यासारखा मागं सरला.

"इथं... इथं हात आहेत, सिस्टर. दिसत नाहीत. पण आहेत."

पैलवानाच्या तोंडची शिवी तोंडातच सुकली. आयुष्यात कुणापुढं न वाकलेला माणूस, त्याचा आवाज बारीक झाला.

"सोडू नका हो... कोण असाल ते. पाया पडतो, सोडू नका."

कानामागं एक अंगठा हळूच फिरला. खरबूज पिकलंय का बघावं, तसा.

"चला."

"कुणी हलू नका!" सिस्टर ओरडल्या.

पण तळवे वळायला लागले होते.

"वळवा!" पैलवान किंचाळला. "त्याच्याबरोबर वळवा मला! मान पिळतेय..."

काय करतील बिचाऱ्या? वळवू लागल्या. तो पाठीवर आला. एरवी या वेळी वर लंबूची हनुवटी दिसायची. आज नुसतं छत होतं.

तळवे थांबले नाहीत. दुसऱ्या बाजूला निघाले. तिघी रडत रडत अंग लोटत राहिल्या.

तिकडं वीतभरच गादी उरली होती.