आठ ठोक्यांची हजेरी

तळोज्याच्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये माझं रोजचं काम एकच: एकाच मालाचे तीन नमुने घ्यायचे आणि फरक शोधायचा. त्यामुळे रोहिदासदादांनी ‘खाडीला सांग’ या गाण्याची तीन रेकॉर्डिंग्ज पाठवली तेव्हा मी खूशच झाले. पुणे २०१४, नाशिक २०१७, कोल्हापूर २०१९. दौरे तीन, गाणं एक.

‘खारफुटी’ हा दादांचा रॉक बँड. सराव कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या एका गोदामात. ड्रम लागला की तिथले पत्रेही ठेका धरतात. या गाण्याच्या मध्यावर हजेरी असते. गाता गाता दादा एकेकाचं नाव पुकारतात आणि ज्याचं नाव येईल त्याने आठ ठोक्यांत स्वतःचं काहीतरी वाजवायचं. बँडमध्ये आजवर कीबोर्ड नव्हता. मी तो वाजवते, म्हणून मला घेणार होते, पण एका अटीवर.

“आठ ठोके तुजे सोताचे पायजेत,” दादा म्हणाले. “कोनाचं उचललेलं वाजवलंस तर परत तळोज्याला.”

मला त्या बँडमध्ये जायचं म्हणजे जायचंच होतं. आठवडाभर डोकं खाजवून गुरुवारी ते आठ ठोके जमले. फक्त सहाव्याला माझ्या डाव्या हाताची करंगळी शेजारच्या पट्टीवर घसरायची. ती लहानपणापासूनच नाठाळ आहे.

जुन्या दौऱ्यांत असंच काही कोणी वाजवलेलं नाही ना, हे तपासायला शुक्रवारी डबा खाता खाता पुण्याचं रेकॉर्डिंग लावलं. दादांचा आवाज कोवळा, गाणं मात्र सुसाट. गिटारची हजेरी झाली, ड्रमची झाली. मग कोणाचंही नाव न पुकारता कीबोर्ड वाजला.

माझेच आठ ठोके. सहाव्याला घसरलेल्या करंगळीसकट.

हातातला घास हातातच राहिला. नाशिक लावलं. तेच, जरा धीटपणे. कोल्हापुरात तर इतकं झकास की मला माझाच हेवा वाटला. करंगळी मात्र तिन्हीकडे घसरली होती.

गप्प बसता आलं असतं. पण नमुन्यात खोट दिसल्यावर गप्प बसणं मला जमत नाही. शनिवारी दुपारी गोदामात मी सगळ्यांना ते ऐकवलं.

“एडिट केलंस ना?” गिटारवाला प्रितेश म्हणाला. ही रेकॉर्डिंग्ज त्यानेच केलेली. त्याने आपल्या लॅपटॉपवरच्या मूळ फाइल उघडल्या. त्यांतही तेच. “अरे, शंभरदा ऐकलंय आमी हे. नव्हतं यार!”

दादांनी मला विचारलं, “पुन्याच्या टायमाला तू कुठं व्हतीस?”

“बारावीत. पनवेलला.”

त्यांनी पुण्याचा तो सहावा ठोका पुन्हा लावून ऐकला. मग ते एकदम हसले.

“चाल कोनी बी चोरंल. चूक कोन चोरतंय? तुजंच हाय ते. उद्या बेलापूरच्या शोला वाजव बिनधास्त.”

रविवारी संध्याकाळी बेलापूरचं मैदान गच्च भरलं होतं. गिटार झाली, ड्रम झाला.

“आफरीन!” दादांनी पुकारलं.

मी वाजवलं. करंगळी घसरली. लोक वेड्यासारखे ओरडले आणि पहिल्या रांगेतली माझी अम्मी चक्क खुर्चीवर उभी राहिली. इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

कार्यक्रमानंतर स्टेजमागच्या तंबूत चहा आला. दादांनी पाठ थोपटली.

“आता तू कायमची आमची. करंगळी तेवढी बांधून ठेव.”

“आज तरी बरं,” मी हसत म्हणाले. “नाशिकला तर कीबोर्डचा स्टँडच हलत होता.”

आणि थांबले. नाशिकला मी कधी गेलेच नव्हते.

प्रितेशने कप खाली ठेवला.

“हलत होता,” तो म्हणाला. “साऊंडवाल्याचा स्टँड, स्टेजवर तसाच राहिलेला. पूर्ण गाणंभर हलत होता.”

“मग?”

“त्याच्यावर कीबोर्ड नव्हता, आफरीन.”