भुंग्याच्या काचेआड

विमानाच्या मॉडेलचा डबा उघडला तेव्हा आत राखाडी प्लॅस्टिकच्या चार चौकटी निघाल्या आणि त्यांना लोंबणारे शंभराच्या वर तुकडे. चाळीस वर्षं मी विश्कोव या चेक गावाच्या चौकातल्या औषधाच्या दुकानात मलमं घोटली, पुड्या बांधल्या. चिमटा, पातळ पातं, थेंबाचं माप हे सगळं माझ्या हातातलं. तरी पहिल्याच दिवशी मी डाव्या पंखावर गोंदाचं बोट उमटवलं आणि शेपटीचा एक तुकडा उलटा चिकटवला.

विमान पिकांवर फवारणी करणारं होतं. आमच्याकडे त्याला सगळे भुंगा म्हणतात. माझा नवरा ओत्मार सामुदायिक शेतीच्या बिटावर आणि खसखशीवर बावीस वर्षं भुंगा उडवायचा. तीन वर्षांपूर्वी तो इस्पितळात वारला, हृदयाच्या दुखण्यानं. त्या वेळी मी खाली यंत्रातून कॉफी आणायला गेले होते. परत आले तर नर्स खिडकी उघडत होती, आमच्याकडे माणूस गेला की उघडतात तशी.

मॉडेलचं दुकान बसथांब्यासमोर आहे. मालक वोन्द्रा, पन्नाशीचा, जाडजूड, जिभेला धार.

"औषधवाल्या बाई," तो म्हणाला, "जन्मभर आम्हाला कडू पाजलंत, आता आमच्याकडून गोंद नेताय होय?"

शेपटीचं सांगितल्यावर तो खोखो हसला. "असू द्या. उलटं उडेल."

मग मात्र त्यानं नीट समजावलं. वैमानिकाच्या डोक्यावरची काच बसवायला साधा पांढरा गोंद घ्यायचा. झटपट चिकटणारा गोंद काचेच्या आसपासही आणायचा नाही, त्याची पांढुरकी वाफ काचेवर धरते आणि मग कशानंही जात नाही.

जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी मी काच बसवली. पांढऱ्याच गोंदानं. आत खुर्ची होती, दांडा होता, घड्याळांची फळी होती. वैमानिकाचं चित्र फक्त डब्यावर होतं, डब्यात वैमानिक नव्हता. मागच्या बाजूला काच आणि धड यांच्यामध्ये केसाएवढी फट राहिली. नवशिक्याचं काम, म्हणून मी सोडून दिली.

सोमवारी सकाळी पाव कापताना टेबलावर नजर गेली. काच धुरकटली होती.

मी बोटानं पुसून पाहिलं. वाफ आतून होती. कॉफी पिऊन होईपर्यंत ती विरली. मी मनाशी म्हटलं, गोंद वाळताना पाणी सोडतो, हे तर शाळेतलं विज्ञान.

मंगळवारी तसंच. बुधवारीही. गुरुवारी मी औषधांच्या बाटल्यांत ओल शोषायला घालतात त्या पुड्या आणल्या, विमान आणि पुड्या काचेच्या बरणीत ठेवून झाकण घट्ट लावलं. शुक्रवारी सकाळी बरणी कोरडी ठक्क होती. विमानाची काच धुरकट होती. आणि त्या धुरकटीत, पुढच्या बाजूला, मोहरीएवढी जागा स्वच्छ होती. कुणीतरी बाहेर बघायला आतून हातमोजा फिरवावा तशी.

मी खुर्ची ओढून बसले. सहाव्या मजल्यावरच्या माझ्या घरात ऊब देणारा रेडिएटर टकटक करत होता, बाकी काही आवाज नव्हता. ओत्मार असा काच पुसायचा का? मला आठवेना. मी त्याच्या विमानात कधी बसलेच नव्हते. तो दरवर्षी म्हणायचा, "चल की गं, मागे जागा असते." मी दरवर्षी म्हणायचे, दुकान कोण बघेल?

शनिवारी विमान बुटांच्या खोक्यात ठेवून मी वोन्द्राकडे नेलं. बरणीचं आणि पुसलेल्या जागेचं मी काही सांगितलं नाही. काच धुरकटते, एवढंच बोलले.

"झटपटवाला गोंद लावलात," तो म्हणाला.

"नाही लावला."

"सगळे असंच म्हणतात. आणा इकडे, दोन मिनिटांचं काम. काच उचकटतो, पुसतो, परत बसवतो."

त्यानं पात्याचं टोक काचेच्या कडेला टेकवलं. काच एकदम धुरकट झाली. मग स्वच्छ. मग परत धुरकट. भराभर, धावून आलेल्या माणसाच्या छातीसारखी.

वोन्द्राचा हात थांबला. त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"ठेवा ते पातं," मी म्हणाले.

"बाई, हे..."

"ठेवा म्हणते ना!"

त्यानं पातं खाली ठेवलं. खोक्याचं झाकण लावून मी बाहेर पडले. मागून दाराला आतून कडी लागल्याचा आवाज मी ऐकला.

त्यानंतर मी विमान जेवणाच्या टेबलावर, माझ्या समोरच्या खुर्चीपुढे ठेवायला लागले. तीन वर्षांत पहिल्यांदा मी सकाळी मोठ्यानं बोलत होते. आज लसणाचं सूप करतेय. खालच्या मजल्यावरच्या ड्वोर्शाकोवाबाईंनी परत जिन्यात सायकल लावलीय. नाव घेऊन मी त्याला कधी हाक मारली नाही. आत दुसराच कुणी निघाला असता तर?

फेब्रुवारी लागला तशी वाफ कमी होऊ लागली.

आधी अर्धी काच. मग खालची कड. पुसलेली जागा तर दिसेनाशीच झाली. मी रेडिएटर बंद केला, खिडकी उघडून पाहिली, विमान गरम कपाजवळ ठेवून पाहिलं. कशाचाही उपयोग झाला नाही.

एका मंगळवारी काच पूर्ण स्वच्छ होती. सात वाजले. आठ वाजले. नऊ वाजले.

कॉफीचं यंत्र लावायला मी उठले आणि उभीच राहिले.

या वेळी मी गेले नाही.

मी विमान उचललं, ओठ मागच्या त्या फटीला लावले आणि सावकाश श्वास सोडला. छाती रिकामी होईपर्यंत सोडला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. टेबलाची कड धरून मी खाली बसले.

काच भरली होती. अगदी वरपर्यंत.

थोड्या वेळानं पुढच्या बाजूला मोहरीएवढी जागा पुसली गेली. माझ्या डोळ्यांदेखत, डावीकडून उजवीकडे.

मग मागच्या बाजूलाही एक.

तेव्हापासून रोज सकाळी नाश्त्याआधी मी हे करते. आता चक्करही येत नाही. मला बरं वाटतं, हलकं वाटतं. ड्वोर्शाकोवाबाई म्हणाल्या, "तुमचा चेहरा उजळलाय हो, कुणी भेटलं की काय?" मी नुसती हसले.

आज भाजी आणायला निघाले होते. बाहेर उणे बारा. बसथांब्यावर आठ-दहा माणसं पाय आपटत उभी होती, कुणी बोलत होतं, कुणी खोकत होतं, आणि प्रत्येकाच्या तोंडातून पांढरी वाफ निघत होती. मी त्यांच्यात जाऊन उभी राहिले. शेजारच्या म्हाताऱ्यानं बसची वेळ विचारली, मी सांगितली, पण माझ्या तोंडातून वाफ निघाली नाही. तो माझ्या तोंडाकडे बघतच राहिला.

मी मफलर नाकापर्यंत वर ओढून घेतला.