माळावरचे चार आडवे दगड

बेल्ह्याच्या पुढच्या माळावर अकरा दगड आहेत. सात उभे, चार आडवे. त्यातल्या एका आडव्यावर बसून गोकुळ भाकरी खात होता, तेव्हा वृषाली मोजायची टेप घेऊन समोर येऊन उभी राहिली.

"उठता का जरा? तुम्ही अडीच हजार वर्षांवर बसलाय."

गोकुळने उठून दगडाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "तरीच टोचत व्हतं," तो म्हणाला आणि अर्धी भाकरी तिच्यापुढे धरली.

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षात असलेल्या माणसाला सहसा कुणी काही देत नाही. तिने घेतली.

हे दगड कुणी उभे केले, का केले, हे कुणालाच ठाऊक नाही. त्यामुळे त्यांच्यावर पुष्कळ लिहिता येतं. वृषालीला मात्र आडव्या दगडांखालची माती हवी होती. दगड पडल्यापासून त्या मातीला कुणाचा हात लागला नव्हता. जे काही कळायचं ते तिथेच कळणार होतं. तिचा अख्खा प्रबंध त्या चार दगडांखाली होता, आणि उत्खननाची परवानगी कुठल्यातरी टेबलाखाली.

गोकुळ जेसीबी चालवायचा. आजोबांची दोनशे मेंढरं होती, याच्याकडे वीस उरलेली. सुट्टीला तो टेपचं दुसरं टोक धरायला येऊ लागला. टेप पन्नास मीटरची होती, तरी त्याला नेमके जवळजवळचे दगड मोजावेसे वाटत. वाऱ्याने कागद उडाला की दोघंही धावत... आणि कागद हाती आला तरी कुणीच तो लगेच सोडत नसे.

"एवढं मोजून व्हणार काय?" त्याने एकदा विचारलं.

"पीएचडी."

"आन् त्याच्यानंतर?"

"नोकरी मिळणार नाही."

"मंग तर तुमाला..." तो मेंढरांकडे बघत म्हणाला, "लई येळ ऱ्हाईल."

वृषाली हसली नाही. तिने वहीत एकाच दगडाची उंची दोनदा लिहिली, दोन्ही वेळा वेगळी.

चौदा महिन्यांनी परवानगी आली. कागद घेऊन ती सोमवारी सकाळी माळावर पोचली, तर अकराच्या अकरा दगड उभे होते. आडव्या होत्या त्या चारांच्या बुडाशी ओलं सिमेंट. वर शेंदूर, गळ्यात झेंडूचे हार. शेजारी इस्त्रीचा शर्ट घातलेला गोकुळ, आणि हळदीकुंकवाचं ताट घेतलेली त्याची आई, बाळाबाई.

"आमच्यात पोरगी मागायच्या आदी घरच्यांनी पडल्याला देव उभा करायचा असतो," बाळाबाई समजावून सांगू लागली. "देव आडवा असला का सोयरीक टिकत न्हाई, बाई. ह्यानं काल येकट्यानं चारी उभं केलं."

खालच्या मातीचं काय झालं, हे वृषालीने विचारलं. ती त्याने सगळीकडे पसरून सपाट केली होती, मॅडमच्या पायाला खडे टोचू नयेत म्हणून. बरीच खापरं निघाली, ती चुरून रस्त्याच्या भरावात घातली.

वृषाली खाली बसली. तिने त्याला बाजूला बोलावून, आजवर सांगायचं राहिलेलं, त्या मातीचं सगळं सांगितलं, हळू आवाजात, शाळेत शिकवावं तसं. त्याचा चेहरा उतरत गेला.

"परत पाडू का?" त्याने विचारलं.

वृषालीने हातातल्या परवानगीच्या कागदाची घडी केली.

"तुम्ही नुसतं विचारलं असतं ना गोकुळ..." ती म्हणाली, "तर दगड आडवे असतानाच मी हो म्हटलं असतं."

बाळाबाईने ताट पदराखाली घेतलं.

पुरातत्त्व खात्याला कळवणं तिला भाग होतं, आणि कळवलं की गुन्हा दाखल होणार होता. माझंच नाव टाका, असं गोकुळ म्हणत राहिला. तिने तक्रारीत लिहिलं, 'अज्ञात इसम'. लिहिताना तिला कळलं की आता हा माणूस तिला आयुष्यभर अज्ञातच ठेवावा लागणार. त्याच्याशी लग्न केलं, तर दगड कुणी आणि कशासाठी उभे केले हे उघड होईल, आणि पत्रिका छापायच्या आधी त्याला अटक होईल. तसं तिने त्याला सांगितलं. त्याने मान डोलावली.

गुरुवारी पंचनामा झाला. काल कुणाच्या घरी कसली भाजी होती हे तोंडपाठ असणाऱ्या गावात जेसीबीचा आवाज कुणालाच ऐकू आला नव्हता. वृषालीचे पीएचडीचे सर एकेकाला विचारत गोकुळपाशी आले. या मॅडम वर्षभर इथे येतात, यांना तरी कधी पाहिलंय का?

"न्हाई साहेब," गोकुळ म्हणाला. "आजच बगतोय."

आणि मग तो बघत राहिला. घाई न करता, सगळ्यांच्या देखत, सर पुढच्या माणसाकडे वळेपर्यंत.

वृषालीने तक्रारदाराच्या जागी सही केली.