शेजारच्या खोलीतली खरखर

हसायचं तर हसा, पण दिवा राहू द्या. तुम्हाला या खोलीत का बसवलं, पलीकडे रेडिओच्या खोलीत का नाही, तेच सांगतो.

माझा धाकटा भाऊ जहाजावर असतो. रोज संध्याकाळी आम्ही वायरलेस सेटवर बोलायचो. बायको गेल्यापासून दिवसभरात माझ्याशी बोलणारा तेवढाच एक आवाज उरला होता. आणि नेमकी त्यातच खरखर शिरली. भावाचं निम्मं बोलणं ती गिळून टाकायची.

"दादा, घरातलंच काहीतरी असणार," तो म्हणाला. "सेट बॅटरीवर घे आणि मेन स्विच बंद कर. तरी आली, तर छोटा ट्रान्झिस्टर घेऊन घरभर फीर. जिथे वाढेल तिथे चोर."

"तू थांब तोवर."

"मी कुठे जातोय? चहूकडे पाणी!"

मेन स्विच बंद केला. फ्रिज गप्प झाला, पंखा थांबला. खरखर तशीच.

ट्रान्झिस्टर छातीशी धरून मी अंधारत्या घरात फिरलो. बाहेरच्या दाराशी ती मंदावली, स्वयंपाकघरात जेमतेम उरली. मागे वळलो तशी वाढत गेली, आणि इथे, बायकोच्या या खोलीत, कानठळ्या बसायला लागल्या.

ते तिचं शिलाई मशीन. तेव्हाही असंच झाकलेलं होतं. मोटरची पिन मीच कधीची काढून ठेवलेली, ती जमिनीवर पडली होती. मशीनच्या तेलाचा आणि कोऱ्या कापडाचा वास येत होता. आणि ट्रान्झिस्टरमध्ये... एक लांब खरखर, मग कापड वळवायला लागावा तेवढा थांबा, मग एक आखूड.

ही खरखर माझ्या ओळखीची होती. पूर्वी ती शिवायला बसली की सेटवर हीच यायची. मग मी भिंतीवर दोनदा टकटक करायचो, की ती मशीन थांबवायची. बोलणं संपलं की एकदाच टकटक. "झालं का तुमचं समुद्रमंथन?" असं ओरडून ती पुन्हा सुरू करायची.

भीती नाही वाटली. खरं सांगतो, बरं वाटलं. मी मशीनशेजारी जमिनीवर बसलो, ट्रान्झिस्टर मांडीवर घेतला. म्हटलं, शिव बाई, आज कोण अडवतंय तुला?

तेवढ्यात भिंतीवर टकटक झाली. दोनदा. पलीकडून... माझ्या रेडिओच्या खोलीतून.

खरखर लगेच थांबली. नेहमीसारखी, निमूट.

घरात मी एकटा होतो. दाराला आतून कडी होती. मला उठवेना. मग सेटवरून भावाचा आवाज आला, अगदी स्वच्छ.

"गेली ना खरखर? बरं झालं." तो थांबला. पलीकडचं कोणी बोलत असताना थांबतो तसा. "हं... हं... बोल ना दादा, ऐकतोय मी."

त्या खोलीत मी पुन्हा पाऊल टाकलं नाही. रोज संध्याकाळी इथेच मशीनपाशी बसतो. भिंतीपलीकडे भाऊ वेळेवर येतो, पोटभर गप्पा मारतो, मनापासून हसतो. मला फक्त त्याचंच बोलणं ऐकू येतं.

ट्रान्झिस्टर हा असा मांडीवर चालूच असतो. पण खरखर नाही. ती बिचारी अजून थांबून आहे. ती एक टकटक काही झालेली नाही.